उंबराच्या दाराशी

छत्तीस वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. इन्स्पेक्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पोलीस येतो. माझ्या हातात दंडुका नव्हता, मायक्रोमीटर होता. दुसऱ्यांनी घडवलेले सुटे भाग मोजायचे आणि चूक सापडली की लाल खूण करून बाजूला टाकायचे, एवढंच काम. दुसऱ्याच्या चुका काढण्याबद्दल पगार देणारी नोकरी मला पुण्यात मिळाली, हे विशेष. इथे बाकीचे लोक ते काम हौसेनं फुकट करतात.

त्या नोकरीनं मला एक सवय लावली आणि एक खोड. सवय अशी, की कोणतीही वस्तू हातात आली की ती कशात बसत असेल आणि कशी बसत असेल, हे मी आधी बघतो. खोड अशी, की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मीच ते पुरं करून टाकतो. कारखान्यात त्यानं वेळ वाचायचा. घरी बायकोची वाक्यंही मीच संपवत आलो. ती म्हणायची, "अहो, मला हे म्हणायचंच नव्हतं," आणि हसून पुन्हा भाजी परतायला लागायची.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. डोळ्यांत वाक्य तयार दिसायचं, ओठांपर्यंत यायचं, तिथे थबकायचं आणि माघारी फिरायचं. तीस वर्षं जिनं आमच्या चर्चच्या शब्बाथशाळेत मुलांना दर रविवारी शिकवलं, तिला आता साधं 'हो' म्हणता येईना.

सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यातून वाचेचे उपचार करणारी मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागली. वयानं आमच्या लेकीपेक्षा लहान, पण जीभ अस्सल पेठेतली. पहिल्या दिवशी अर्धा तास ती नुसती बसून राहिली आणि मग म्हणाली, "काका, पेशंट नक्की कोण आहे? कारण बोलताय सगळं तुम्हीच." मग तिनं नियम घालून दिला. काकूंना आवडतं ते त्यांच्यासमोर ठेवायचं, त्यांच्याकडे बघायचं आणि थांबायचं. शब्द पुरवायचा नाही. पहिलं अक्षरसुद्धा नाही. मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे. "तुम्ही दिलेला शब्द तुमचाच राहणार," ती म्हणाली. "त्यांचा त्यांना सापडू दे."

आवडतं ते शोधायला लांब जावं लागलं नाही. आमचं घर चर्चच्या आवाराला लागून, पहिल्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की समोर आवारातला उंबर. बुंधा आमच्या भिंतीच्या आत, निम्म्या फांद्या बाहेरच्या बोळावर. बहर आला की खोडालाच घोसच्या घोस लगडतात, पिकून लाल होतात, आणि मग पाखरांची जत्रा भरते. तिला ती सगळी नावानिशी ठाऊक होती. तांबट, बुलबुल, हळद्या, कोकीळ, आणि कधीमधी मोठ्या चोचीचा धनेश. मला कावळा आणि चिमणी ओळखता यायची, आणि त्यावर माझं भागत होतं.

मी तिची खुर्ची खिडकीशी ठेवली. ऑक्टोबरात उंबरं पिकली. एका सकाळी एक तांबट अगदी समोरच्या फांदीवर येऊन बसला, हिरवागार, कपाळावर लाल टिकली. तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. "तां," ती म्हणाली आणि अडकली. पुढचं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी दात आवळून आकडे मोजू लागलो. दहा झाले, पंधरा झाले, माझ्या कपाळावर घाम आला. सतराव्या आकड्याला ती म्हणाली, "तांबट."

नोव्हेंबर संपेपर्यंत तिच्याजवळ पाच शब्द झाले, पाचही पाखरांचे. लेक हिंजवडीला नोकरी करते. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून ती फोन करायची, मी फोन आईच्या कानाशी धरायचो, आणि आई म्हणायची, "हळद्या." तिकडे भर बसमध्ये लेक रडायची. एरवी मी असल्या रडारडीला नाक मुरडलं असतं. पण मीसुद्धा फोन ठेवून स्वयंपाकघरात जायचो आणि उगाच नळ सोडायचो.

आता माझा पराक्रम सांगतो.

नाताळच्या आठवड्यात आमच्याकडे प्रीतिभोजन असतं. सगळी मंडळी आवारात, उंबराखाली पंगतीला बसते. आदल्या वर्षी बाहेरगावचे एक वडीलधारे पाळक पाहुणे म्हणून आले होते. त्यांच्या ताटात, नेमकं रश्श्यात, वरून एक पिकलेलं उंबर पडलं आणि फुटलं. आतून केंबरं निघाली. केंबरं म्हणजे उंबरात असतात त्या बारीक माश्या. पाहुण्यांनी ताट शांतपणे बाजूला सारलं, पण आमच्या कमिटीला त्या माश्या वर्षभर डोळ्यांपुढे दिसत होत्या. पुढच्या नाताळच्या बैठकीत एकानं झाड तोडायचीच सूचना केली. आमचे पाळकसाहेब म्हणाले, "गर्दीत प्रभू दिसावा म्हणून बायबलातला तो बुटका जकातदार उंबरावरच चढला होता. निदान त्याच्यासाठी तरी राहू द्या." सगळे हसले आणि माझ्याकडे बघू लागले, कारण आवाराची व्यवस्था माझ्याकडे होती. मी तोडगा काढला. झाड राहील, किडे जातील. औषध फवारून घेऊ. ठराव एकमतानं मंजूर झाला. इतका नेटका ठराव आपण आयुष्यात मांडला नव्हता, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी पंप घेऊन माणूस आला. मी नाकाला रुमाल बांधून खाली उभा राहिलो आणि त्याला कोपरान् कोपरा दाखवू लागलो. अर्धवट काम मला खपत नाही. झाडावर तेव्हा शेवटची पिकली उंबरं होती आणि त्यांच्या शेजारीच पुढच्या बहराची कोवळी, हिरवी उंबरं धरली होती. दोन्हींवर सारखंच औषध बसेल, याकडे मी जातीनं लक्ष दिलं.

मध्येच वरून आवाज आला. ती खिडकीत बसून डाव्या हातानं स्टीलचा पेला गजांवर आपटत होती. जोरजोरात आपटत होती. मी वर गेलो आणि पेला भरून तिच्या तोंडाला लावला. तिनं तो हातानं उडवला. पाणी माझ्या शर्टावर सांडलं. औषधाच्या वासाचा त्रास होत असेल, असं मी ठरवलं. खिडकी लावून कडी घातली आणि खाली जाऊन उरलेल्या फांद्या फवारून घेतल्या.

प्रीतिभोजन उत्तम झालं. कोणाच्या ताटात काही पडलं नाही. मंडळींनी माझं तोंडभरून कौतुक केलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं.

पाखरं त्यानंतर आली नाहीत. सुरुवातीला माझ्या ते ध्यानातही आलं नाही. शांतता चटकन ध्यानात येत नाही. मग जानेवारीत ती हिरवी उंबरं पिवळी पडून गळू लागली, कडक आणि पोकळ. आवारात झाडू मारताना ती गोट्यांसारखी घरंगळायची. आणि घरात तिनं बोलणं सोडलं. पाच शब्दांतला एकही येईना. मी मोबाइलवर तांबटाचं चित्र दाखवलं, तर तिनं डोळे मिटून घेतले. उपचार करणारी मुलगी म्हणाली, "कधीकधी असं मागे जातं, काका." पण तिचा चेहराही उतरला होता. सहा महिन्यांच्या आत जे परत येतं ते येतं, पुढे अवघड होत जातं, असं तिनंच मला आधी सांगितलं होतं.

मी देवाकडे तक्रार केली. तक्रार करायला मी कधी लाजलेलो नाही. दिलेस ते पाच शब्द परत का घेतलेस, असं मी त्याला रोज सकाळी विचारत होतो. घेणारा हात कोणाचा होता, हे तोवर मला कळलं नव्हतं.

जवळच शनिवार पेठेत राहणाऱ्या एक बाई दर गुरुवारी आमच्या बोळातून जातात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. उंबर म्हणजे दत्ताचं झाड, म्हणून त्या बोळात थांबून, चपला काढून, भिंतीवरून बाहेर आलेल्या फांद्यांना हात जोडतात. निर्माण केलेल्या वस्तूला नमस्कार करायचा नाही, हे मी लहानपणापासून शिकलेलो. त्यामुळे त्या दिसल्या की मी मुद्दाम दुसरीकडे बघायचो. जानेवारीतल्या एका गुरुवारी मात्र त्यांनी हात जोडले नाहीत. खाली वाकून एक गळलेलं उंबर उचललं, नखानं फोडलं आणि मला हाक मारली.

"अहो, आपण या झाडाला काही केलंत का?"

"फवारणी केली," मी अभिमानानं म्हणालो. "डिसेंबरात. किडे फार झाले होते."

बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे जावई मारलेत, आणि आता नातवंडांची वाट बघताय."

मला काही कळलं नाही, हे त्यांना कळलं. "उद्या सकाळी येते," त्या म्हणाल्या. "घरात भिंग आहे का?"

भिंग होतं. नोकरीतलं, दसपट मोठं दाखवणारं, मी निवृत्त होताना साहेबांनी दिलेलं. दुसऱ्या दिवशी बाई नदीकाठच्या एका उंबराची फळं डब्यात घालून घेऊन आल्या. आम्ही आवारातल्या बाकावर बसलो. त्यांनी एक उंबर मधोमध फोडून माझ्या तळहातावर ठेवलं, आणि मी भिंग डोळ्याला लावलं.

"उंबराचं फूल कधी कोणाला दिसत नाही म्हणतात ना?" बाई म्हणाल्या. "मोजा आता. शेकडो आहेत. सगळी आत."

खरंच होती. जिला मी आजवर फळातली बी समजत होतो ती फुलं होती, इवलीइवली, भिंतीला पाठ लावून आत तोंड करून दाटीवाटीनं उभी. आणि त्यांच्यामध्ये त्या माश्या. जेमतेम दोन मिलिमीटर. माझ्या श्वासानं एक हलली.

बाई सांगत गेल्या आणि मी ऐकत गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाचं वाक्य तोडलं नाही. फुलं बंद खोलीत. वारा आत शिरत नाही, मधमाशी शिरत नाही. मग पराग कोणी पोचवायचे? उंबराच्या टोकाला एक दार असतं, टाचणीच्या टोकाएवढं, तेही एकावर एक बसवलेल्या खवल्यांनी झाकलेलं. त्या दारातून आत जाऊन हे काम करणारी माशी एकच. वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची ही. तिचं डोकं चपटं, पाचरीसारखं, म्हणजे खवल्यांच्या फटीत घुसेल. जबड्याखाली मागे वळलेले दाते, म्हणजे एकदा पुढे सरकली की मागे घसरणार नाही. आत शिरताना तिचे पंख दाराशीच तुटतात. तुटेनात, तिला परत यायचं नसतं. तिच्या छातीला दोन खिसे असतात, आणि त्यांत ती जन्मली त्या झाडाचे पराग भरलेले असतात.

"खिसे?" मी विचारलं.

"खिसे. पुढच्या पायांनी त्यातले पराग काढून ती फुलांना लावते. काही फुलांत अंडी घालते. जी फुलं जास्त खोल आहेत तिथे तिची अंडी घालायची नळी पोचत नाही, त्यांची बी होते. म्हणजे तिची पोरंही होतात आणि झाडाचीही. मग ती तिथेच मरते."

पुढे नर जन्मतात. त्यांना पंख नाहीत, धड डोळे नाहीत. अंधारात ते आपल्या माद्या शोधतात, आणि मग सगळे मिळून उंबराच्या भिंतीला बोगदा पाडतात. बोगदा झाला की नर मरून जातात. नेमक्या त्याच वेळी उंबरातली परागाची फुलं उमलतात. आधी नाही, नंतर नाही. माद्या खिसे भरून घेतात आणि बोगद्यातून उजेडात येतात. त्यानंतर त्यांना आयुष्य असतं जेमतेम एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात दुसरा उंबर शोधायचा, आणि तोही असा, ज्याची दारं आत्ताच उघडली आहेत.

"एवढ्या पुण्यात?" मी म्हणालो.

"एवढ्या पुण्यात. वासावरून, वाऱ्यावर बसून. मैलन् मैल. आपल्याला हिंजवडीला पोचायलाच अर्धा दिवस जातो."

मी एक उंबर उभं धरून त्याचं दार भिंगातून पाहिलं. मग मेलेल्या माशीचं डोकं पाहिलं. मग पुन्हा दार. छत्तीस वर्षं मी एकच गोष्ट तपासत होतो : हा भाग त्या भागात बसतो की नाही. एक भाग एका कारखान्यात होतो, दुसरा दुसऱ्या. ते बनवणाऱ्यांची कधी गाठ पडलेली नसते. तरीही ते एकमेकांत जातात, कारण दोन्हींची ड्रॉइंगं एका टेबलावरून निघालेली असतात. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तीच माझी रोजीरोटी होती. पण मी तपासलेले भाग पोलादाचे होते, एका जागी पडून राहणारे. इथे एक भाग झाडाला वाढत होता आणि दुसरा वाऱ्यावर उडत होता, आणि त्यांचं माप जुळत होतं, वेळ जुळत होती, वाससुद्धा जुळत होता. मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात अचूक काम माझ्या खिडकीसमोर चाललं होतं, आणि मी त्याला लाल खूण केली होती.

"हे कोणी केलं?" मी विचारलं. खरं तर मी विचारलं नाही, ते तोंडातून निघून गेलं.

"लाखो वर्षं दोघं एकमेकांच्या सोबतीनं घडत आलेत, असं मी वर्गात शिकवत होते," बाई म्हणाल्या. "आणि गुरुवारी हात जोडत होते. दोन्हींत मला कधी अडचण आली नाही. तुम्ही तुमच्या रविवारी काय ते बघा."

मी रविवारपर्यंत थांबलो नाही. लाखो वर्षं लागली असतील तर लागोत. काम किती दिवसांत झालं यावरून ते कोणाच्या हातचं, हे बदलत नाही. माझं मन त्या आंधळ्या नरांपाशी अडकलं होतं. स्वतः उजेड न बघता जे दुसऱ्यांसाठी वाट खोदून मरतात, त्यांच्याबद्दल ऐकून ख्रिस्ती माणसाला काय आठवतं ते सांगायला नको. इथे प्रवचन जोडायचा मोह होतो. मी जोडत नाही. मी झाडापुढे वाकलो नाही, हेही खरं. पण ज्यानं हे योजलं त्याच्यापुढे, तिथेच बाकावर बसल्या बसल्या, माझं डोकं आपोआप खाली गेलं. त्याची ओळख मी साठ वर्षं सांगत होतो, आणि त्याच्या कामाची एक वस्तू नीट हातात घेऊन पाहिली नव्हती.

धावतच वर गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. दार, पाचर, खिसे, बोगदा. श्वास न घेता सांगत होतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं डाव्या हातानं कपाटाकडे बोट दाखवलं. वरच्या खणाकडे. तिथे तिची शब्बाथशाळेची तक्त्यांची गुंडाळी होती, झटका आल्यापासून कोणी हात न लावलेली. मी एकेक तक्ता उलगडत गेलो. चौथ्या तक्त्यावर मी थांबलो.

मधोमध कापलेलं उंबर होतं, लाल-हिरव्या खडूनं रंगवलेलं. आत फुलं, आत माशी, टोकाशी बाण आणि 'दार' असा शब्द. कडा झिजलेल्या होत्या. कितीतरी वर्षं ती हा धडा घेत असणार. खाली तिच्या गोल अक्षरात मुलांसाठी प्रश्न लिहिला होता : 'या दाराचं माप कोणी घेतलं असेल?'

दर रविवारी ती खाली असले धडे घेत होती तेव्हा मी चर्चमध्ये खुर्च्यांच्या रांगा सरळ करत होतो. तीस वर्षांत एकदाही मी तिच्या वर्गात जाऊन बसलो नव्हतो. तक्ता हातात धरून मी उभा होतो, आणि मग तो गजांवर आपटणारा पेला माझ्या लक्षात आला. तिला पाणी नको होतं. वासाचा त्रासही नव्हता. ती मला थांबवत होती. पाखरांच्या पाच नावांपलीकडे एकही शब्द हाताशी नसताना जेवढं करता येईल तेवढं तिनं केलं होतं, आणि मी खिडकी लावून घेतली होती.

मी तिच्या पायाशी बसलो आणि तिची क्षमा मागितली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. 'चुकलं माझं' हे वाक्य मी तिला पहिल्यांदाच पुरं म्हणून दाखवलं. ती बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग डाव्या हातानं खिडकीची कडी काढली.

फेब्रुवारीत खोडावर नवी उंबरं धरली. बाई म्हणाल्या होत्या, औषधाचा अंमल ओसरला असेल. आसपास कुठेतरी उंबर पिकत असेल आणि वारा बरा असेल, तर माश्या येतील. नाही आल्या तर हाही बहर गळेल. मी रोज सकाळी सातला भिंग घेऊन झाडाशी उभा राहू लागलो. चर्चला येणारी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. आयुष्यभर मी किडे जावेत म्हणून प्रार्थना केली असेल. आता किडे यावेत म्हणून करत होतो. घरात ती तशीच गप्प होती. उपचार करणारी मुलगी येत होती, पण आता आठवड्यातून एकदाच. सहा महिने उलटून गेले होते.

अकराव्या दिवशी सकाळी एका उंबराच्या टोकावर काळा ठिपका दिसला. मी भिंग लावलं. ठिपक्याला पंख होते.

मी ओरडलो असणार, कारण चर्चचा शिपाई धावत आला. मी वर गेलो. दवाखान्यातून आल्यापासून ती जिना उतरली नव्हती. अठरा पायऱ्या. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं शिपाई. प्रत्येक पायरीवर तिचा उजवा पाय शोधत शोधत खाली यायचा. मला घाई झाली होती, माशी आत गेली तर काय, पण घाई करण्यासारखं काही नव्हतं. खाली पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली. तोवर त्या घोसावर आणखी ठिपके आले होते. कुठून आले होते, कोणास ठाऊक. सगळ्या शहरातून, गाड्यांच्या धुरातून आणि उंच इमारतींमधून वाट काढत, एका दिवसाचं आयुष्य खर्ची घालून ते नेमके आमच्या भिंतीच्या आत आले होते. मी त्यांना मारलं होतं, आणि देवानं ते पुन्हा पाठवले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि भिंग धूसर झालं.

शिपायानं तिच्यासाठी खुर्ची आणली. मी भिंग तिच्या डाव्या हातात दिलं आणि तिचं कोपर धरलं. ती वाकली. अगदी समोरच्या उंबराच्या दारात एक माशी निम्मी आत गेली होती. एक पंख निखळून बाहेर चिकटला होता, आणि मागचे पाय अजून ढकलत होते.

मला राहवलं नाही. "बघ," मी म्हणालो, "आता ते दाते लागतायत बघ तिचे, म्हणून ती मागे येत नाही, आणि हे खवले आहेत ना, यांचा कोन बघ, नेमका तिच्या कपाळाच्या..."

तिनं भिंगावरचा डोळा काढून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत वाक्य तयार होतं. ओठ हलले. मी तोंड मिटलं आणि मोजायला लागलो. पाच. नऊ. तेरा. तिच्या गळ्याची शीर ताठ झाली होती.

"अहो," ती म्हणाली.

मी श्वास रोखून धरला.

"गप... बसा."

मी गप्प बसलो. ती पुन्हा भिंगावर वाकली, आणि माशी आत गेली.